पाठीमागून उघडा कोट

तेओदोसिया चोके यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं ते वाऱ्याचे दिवस होते. दाराच्या फटीतून धूळ घरात येत होती आणि पाकिटावरही तिचा थर बसलेला होता. मी तो पुसला, पत्र वाचलं, आणि पुस्तकांच्या फळीवर, रोज नजर पडेल अशा जागी उभं करून ठेवलं. उद्या लिहू, म्हणून. त्यानंतर मृतांचे दोन सण येऊन गेले.

पत्र बाईंच्या हातचं नव्हतं. त्यांचे दोन्ही डोळे गेलेले आहेत. त्या बोलल्या आणि गावच्या शाळेतल्या इल्दाबाईंनी लिहून घेतलं. मला ते जवळजवळ पाठ आहे.

"मास्तर, माझा मुलगा रेम्बेर्तो खाणीत राहिला. डोंगर खाली बसला तेव्हा तो आत होता. त्याला बाहेर काढता आलं नाही. यंदा मृतांच्या सणाला त्याचं पहिलं टेबल मांडायचं आहे आणि घरात त्याचा एकही फोटो नाही. तुम्ही आमच्या वाय्याकोताच्या जत्रेला आला होता तेव्हा त्यानं तुमच्याकडून फोटो काढून घेतला, पण खाणीवर जाताना तो बरोबर नेला. तुमच्याकडे काळी प्रत राहते असं ऐकलं. इल्दाबाईंनी मला तुमचा लेख वाचून दाखवला. काचेतून पाहिलेला चेहरा तुम्ही कधी विसरला नाहीत, असं त्यात आहे. मला दिसत नाही, आणि त्याला ओळखणारे गाव सोडून गेले. तेव्हा तुम्हीच शोधा. तुम्हाला तो ओळखू येईल. टेबलावर चेहरा नसला तर त्याला घर कसं कळणार?"

लेखाचं असं झालं. माझं शिक्षण फारसं नाही, पण वाचत आलो. खांद्यावर लाकडी पेटी, बगलेत तिपाई आणि पोत्यात एखादं पुस्तक, असा मी जन्मभर हा देश फिरलो. म्हातारपणी फिरणं थांबलं आणि मी ओरुरोतल्या वाचनालयात जाऊन बसू लागलो. तिथल्या ग्रंथपालांनी वार्षिक अंकासाठी गळ घातली, की फिरत्या फोटोवाल्याला बोलिव्हिया कसा दिसला ते लिहा. मी कितीतरी दिवस ते लिहीत होतो. लिहायचं आणि फाडायचं.

हा देश मी उलटा पाहिला, अशी सुरुवात केली होती. ते तरी खरं होतं. पेटीच्या मागच्या काचेवर सगळं उलटं पडतं. काळ्या कापडात डोकं घातलं की माणसं आभाळात पाय रोवून खाली लोंबकळताना दिसत, आणि त्यांच्या टोप्या मात्र पडत नसत. मिठाच्या पठारावर जमीन आणि आभाळ इतकं एकसारखं, की तिथे उलटं काय आणि सुलटं काय हे मलाच कळेनासं होई. खाणीच्या गावांत लोक फोटोआधी तोंड धुऊन येत, पण पापण्यांच्या कडा काळ्याच राहत, आणि बायकांसारखं काजळ घातलंय म्हणून एकमेकांची टर उडवत. खालच्या गरम मुलखात माणसं फोटोत हसायची. वर पठारावर कोणी हसलं नाही. तळ्याकाठचे लोक आधी होडीचा फोटो काढायला लावत आणि मग स्वतःचा. आणि त्यांच्यातले पुष्कळजण काळी प्रतही, म्हणजे जिच्यावरून पांढरा फोटो उतरवतात ती निगेटिव्ह, मागून घेत. आपली सावली परक्याच्या पेटीत राहू नये, म्हणून. हेसुद्धा मी लेखात लिहिलं होतं, गंमत म्हणून.

शेवटी मला एक छानसं वाक्य हवं होतं. चेहरा विसरलो नाही, ते ते वाक्य. ग्रंथपालांनी त्याच्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, "याच्यासाठी सगळा लेख छापावा." मला बरं वाटलं. ते खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं, पण पुस्तकांत अशी वाक्यं असतात आणि ती कोणी खरी करून दाखवा म्हणत नाही, असा माझा समज होता.

काळ्या कापडाखालचा माणूस चेहरा बघतच नाही. तो उजेड बघतो, कडा बघतो, समोरचा हलतोय का ते बघतो. त्यात माझ्याकडे तो कोट होता.

कोट माझ्या बायकोनं, दामासानं शिवला. गडद निळा, रुंद कॉलरचा, वरच्या खिशात पांढऱ्या रुमालाचं टोक कायमचं शिवून टाकलेलं. गावोगावचे तरुण अंगावरच्या लोकरी बंडीत फोटो काढायला लाजत. कोट दिला की रांग लागे. पण कोणी अंगानं दांडगा, कोणी काडीसारखा. म्हणून दामासानं कोट पाठीत कॉलरपासून खालपर्यंत उभा चिरला आणि कडा दुमडून शिवल्या. दांडग्याला तो तसाच पुढून चढवायचा, काडीला मागून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळायचा. पुढून साहेब, मागून उघडा. मग मी पाण्यात बोटं बुडवून त्याचे केस मागे बसवायचो, हनुवटी वर करायचो आणि रंगवलेल्या पडद्यापुढे उभा करायचो. पडद्यावर एक कारंजं होतं. असं कारंजं त्यांतल्या कोणी पाहिलेलं नव्हतं, मीही नाही.

अशी सगळ्या पठारावरची तरुण माणसं मी एकाच कोटात, एकाच भांगात, एकाच कारंज्यापुढे उभी केली. आणि आता एक आई म्हणत होती, त्यांतला माझा ओळखून काढ.

पत्र आलं त्याच दिवशी मी ट्रंक उघडली होती. घर गळतं. पावसानं अर्ध्याअधिक काळ्या प्रती एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झालेला. उरलेल्यांच्या मागे मी फक्त गावाचं नाव लिहिलेलं. नावं लिहायची सवय मी लावून घेतली नाही. 'वाय्याकोता' अशा दोनच सापडल्या. दोन तरुण. एकाच्या गळ्यात टाय, एकाच्या नाही. त्यांच्या पांढऱ्या प्रती काढून मी खिडकीत ठेवल्या आणि भिंग घेऊन बसलो. दोघांपैकी एक रेम्बेर्तो असणार असं मी धरून चाललो.

सोपं होतं. दोन्ही पाठवून द्यायचे. पण दुसरा जिवंत असला तर? जिवंत माणसाचा फोटो मृतांच्या टेबलावर ठेवला तर तो पुढचं टेबल बघत नाही, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. आणि दुसराही गेलेला असला तर तो परक्याच्या घरी जेवायला जायचा आणि त्याची स्वतःची आई दारात उभी राहायची. तेओदोसियाबाईंना दिसत नाही. त्या बोटांनी कागद चाचपतील आणि मी जो म्हणेन तो त्यांचा मुलगा. एवढं ओझं मला झेपेना. पहिला सण आला तेव्हा मी टायवाल्याचा फोटो पाकिटात घातला आणि परत काढला. दुसऱ्या सणाला टाय नसलेल्याचा. त्याच्या डोळ्यांत मला काहीतरी खिन्न दिसू लागलं होतं.

आत्मा तीन वर्षं येतो, सणाच्या दुपारी, आणि दुसऱ्या दुपारी परत जातो. तिसऱ्या वर्षी त्याला जेवू घालून, शिदोरी बांधून, गावाच्या वेशीपर्यंत पोचवून यायचं. मग तो येत नाही. रेम्बेर्तोची दोन टेबलं चेहऱ्याशिवाय मांडली गेली होती. हे तिसरं.

ऑक्टोबर संपत आला की माझी पुतणी कास्ता मला भट्टीवर बोलावते. ती पाववाली आहे. मृतांसाठी पावाच्या बाहुल्या करतात, त्यांना खडूच्या मातीचे छोटे रंगवलेले चेहरे चिकटवायचे असतात. ते काम ती मला देते. मला काहीतरी काम असावं म्हणून देते, हे मला कळतं.

"काका, त्याला उलटा लावलात," ती म्हणाली. "हनुवटीवर टोपी आलीय बघा."

मी चेहरा काढून सुलटा लावला. पुढचा हातात घेतला. गुलाबी गाल, काळे ठिपक्यांचे डोळे.

"हे सगळे एकसारखे आहेत," मी म्हणालो.

"एका साच्यातले आहेत, एकसारखेच असणार. मामेभावांसारखे थोडे थोडे वेगळे कसे असतील?"

"मग आपली बाहुली कुठली, हे त्यांना कसं कळतं?"

"कुणाला?"

"येणाऱ्यांना."

कास्तानं कणकेतून हात काढले आणि माझ्याकडे पाहिलं. "काय झालंय तुम्हाला? चार दिवस झाले, जेवत नाही, मघापासून दोन चेहरे खिशात टाकलेत."

खिशात पाहिलं तर खरंच होते. मग मी तिला पत्राचं सांगितलं. सांगताना मी खाली परातीकडे बघत होतो. ती बोटांची कणीक सोलत ऐकत होती.

"म्हणजे हे तिसरं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"शेवटचं."

"हो."

"आणि तुम्ही ते फळीवर ठेवून रोज बघत होता."

"लिहिणारच होतो. जमत नव्हतं."

"तुम्ही ना काका, बाजारात कांदे घ्यायचे झाले तरी आधी मसुदा करता." ती परत मळायला लागली, पण जोरात. "तिकडे आंधळी बाई दोन वर्षं टेबलासमोर बसते, माशी आली का ऐकत. भर दुपारी एक माशी जरी घोंगावली तरी तोच आला म्हणून रडायचं असतं. आणि हे इथे भिंग घेऊन."

मी खिशातले दोन्ही चेहरे काढून परातीशेजारी ठेवले.

थोड्या वेळानं तिचा आवाज खाली आला. "वाय्याकोताची बस या वर्षापासून एलियोदोरो चालवतो. आधी तो सीमेकडच्या गाडीवर होता. तिकडचाच आहे. माझ्याकडून पाव घेतो आणि पैसे देईपर्यंत अख्ख्या गावाची कुंडली सांगतो. जा, त्याला फोटो दाखवा."

"अनोळखी माणसाला कसं विचारू?"

"तोंडानं," कास्ता म्हणाली.

बसच्या अड्ड्यावर मी दोनदा त्या गाडीजवळून चालत गेलो आणि दोनदा परत फिरलो. एलियोदोरो चाकाजवळ पालथ्या बादलीवर बसून बटाटे खात होता. जाडजूड, मिशाळ माणूस, कपाळावर घाम. तिसऱ्यांदा त्यानंच हाक मारली.

"कुठं जायचंय आजोबा? बसून जायला जागा नाही. टपावर आहे, पण शेजारी मेंढ्या आहेत. त्यांना चालत असेल तर मला चालतंय."

मी दोन्ही फोटो पुढे केले. त्यानं हात विजारीला पुसले, वरचा घेतला, उजेडाकडे धरला, आणि एकदम हसू लागला.

"अहो, हे कुठं सापडलं तुम्हाला? हा मी."

तो टायवाला होता. मी त्याच्या मिशांमागे बघायचा प्रयत्न केला. मग मलाही हसू फुटलं. हा जिवंत होता, माझ्यासमोर बटाटे खात होता. म्हणजे दुसरा रेम्बेर्तो. खिन्न डोळ्यांचा. मला आधीच वाटलं होतं, असंही मनात येऊन गेलं.

त्यानं दुसरा फोटो घेतला.

"आणि हाही मीच."

"नाही," मी म्हणालो.

"नाही काय? मीच आहे. टायशिवाय काढला म्हणून आई भडकली. एवढा साहेबाचा कोट आणि गळा उघडा. भर जत्रेत कानफटात ठेवून दिली आणि टाय बांधून परत उभं केलं. तुम्हीच ते फोटोवाले मास्तर ना? तुम्ही तेव्हा मध्येच म्हणाला होता, राहू द्या बाई, पोराचा गाल सुजला तर फोटोत येईल."

"याचे डोळे वेगळे आहेत. खिन्न आहेत."

"खिन्न कसले, मास्तर. आई समोरून बाही सरसावत येत होती."

तो हसत होता आणि मी त्याच्या बादलीशेजारी जमिनीवर बसलो. त्याचं हसू थांबलं. त्यानं मला उकडलेला बटाटा दिला, तो मी हातात धरून ठेवला. मग तुटक तुटक सगळं सांगितलं. रेम्बेर्तोचं नाव काढलं तेव्हा त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्याची काळी प्रत तुमच्याकडे असणार कुठून?" तो हळूच म्हणाला. "त्यानं मागून घेतली होती. त्याची आईच म्हणायची, की सावली परक्याकडे ठेवू नये. मी ठेवली, मला असल्या गोष्टींचं हसू यायचं. त्यानं दोन्ही घेतल्या. पांढरी आणि काळी, तंबाखूच्या डबीत, पाठीला पाठ लावून. खाणीवर आम्ही एका खोलीत होतो. आत जाताना ती डबी खिशात असायची."

"म्हणजे ती..."

"त्याच्याजवळ आहे."

म्हणजे तो चेहरा ज्याच्या खिशात होता तो डोंगराखाली होता, आणि डोंगर परत उघडायचं कोणाच्या मनात नव्हतं. बाईंनी स्वतःच मुलाला बजावलं होतं, तुझी सावली कोणाजवळ ठेवू नकोस. त्यानं ऐकलं. दोन वर्षं मी दोन चेहऱ्यांत निवड करत झुरत होतो आणि तिथे निवडायला कोणी नव्हतंच.

"तुम्ही तर एका खोलीत होता," मी म्हणालो. "तो दिसायला कसा होता? मला सांगा. मी लिहून पाठवतो. इल्दाबाई वाचून दाखवतील."

एलियोदोरोनं हातातला बटाटा खाली ठेवला. अड्ड्यावरच्या गर्दीकडे बघत राहिला.

"चेहरा म्हणजे... चेहऱ्यासारखाच. आपल्याकडच्या सगळ्यांसारखा. नाक असं..." त्यानं स्वतःच्या नाकाला हात लावला. "थांबा. मला माहीत आहे. एवढी वर्षं बघितलाय." त्यानं मांडीवरची टोपी दोनदा फिरवली. "आता तुम्ही विचारलंत ना, तर डोळ्यापुढे नुसता कोटच येतोय."

"कोट?"

"तुमचा तो निळा. त्यानं काढायलाच नकार दिला. तुम्ही बादलीत फोटो धूत होता आणि हा सगळ्या जत्रेतून कोट घालून फिरला. पाठीला चिमटे. मागून आम्ही पोट धरून हसतोय. त्याला कळलं की मागून उघडा आहे, तर पोरींच्या बाजूला तोंड करून खेकड्यासारखा आडवा चालायला लागला. देवळाच्या भिंतीला पाठ लावून अख्खं पटांगण पार केलं त्यानं. शेवटी तुम्ही आणि मी मिळून काढला तो अंगातून. खाणीवर गेल्यावर रोज तेच. पैसे साठले की तसला कोट घेणार. मी म्हणायचो, मागचा भाग असलेला घे रे बाबा." त्यानं मिशी पुसली. "थंडी वाजली होती त्याला, पण म्हणाला, साहेबांना मागून थोडा वारा लागतोच."

मला यातलं काही आठवलं नाही. आठवावं म्हणून मी डोळे मिटले, तर समोर कारंजं आलं. ही हकिगत त्यानं मला धीर द्यायला रचली असेल, असंही वाटलं. मला तसं वाटतंच. सरळ सांगितलेली गोष्टही मी उलटी करून बघतो.

"गाडी उद्या सकाळी सुटते," एलियोदोरो म्हणाला. "सणाच्या आधीची शेवटची. काही द्यायचं असेल तर आणा. नसेल तर मी त्यांना सांगेन, की मास्तर भेटले, प्रकृती बरी नाही त्यांची."

"नको," मी म्हणालो. "ते नका सांगू."

घरी येऊन पलंगावर पडलो. काहीच पाठवू नये, असं ठरवलं. जे नाही ते नाही. बाई टेबल मांडतील, उसाची कमान करतील, त्याला उतरायला पावाची शिडी ठेवतील, वरच्या पायरीवर जिथे फोटो असतो तिथे रिकामी जागा ठेवतील. दुपार होईल. जाईल तो. माझंही कोणी नाही, दामासा गेली, मूल नाही. मी गेलो की कास्ता माझा फोटो ठेवील, पण तोही माझ्याकडे नाही. मी कधी काढून घेतला नाही.

कास्ता बाहुल्यांची टोपली घेऊन आली तेव्हा मी तसाच पडलेला होतो. तिनं विचारलं आणि मी भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं. मग ट्रंकेचा आवाज आला.

"तो नको काढूस," मी उठून बसलो. "तो मला ठेवलाय. जाताना घालायला."

"मागून उघड्या कोटात? देवापुढेही आडवे चालणार का?"

तिनं कोट झटकला. खांद्यांवर कसर लागली होती. रुमालाचं टोक पिवळं पडलं होतं. फोटो नसला तर काहीजण मेलेल्याचे कपडे टेबलावर ठेवतात, हे तिनं सांगायची गरज नव्हती. पण हा त्याचा नव्हता.

"हा सगळ्यांनी घातलाय, कास्ता. किती जणांनी, मला माहीत नाही. त्यांतले कितीतरी गेले असतील. हा टेबलावर ठेवला तर सगळे येतील. कोट घातलेले सगळे. त्या आंधळ्या बाईच्या घरात."

"येऊ देत की."

"अगं, पण..."

"त्या दिवशी दारात कोणीही अनोळखी येऊन प्रार्थना म्हणतो, त्याला आपण काय देतो?"

"पाव."

"मग? उपाशी आला, चुकून आला, खाऊन जाईल. त्या गर्दीत तिचाही असेल." तिनं टोपलीतून बाहुल्या काढून कापडावर मांडायला सुरुवात केली. चांगल्या मोठ्या बघून घेत होती. "मी जास्तीच्या देते. मोजत नाही."

मी कोट हातात घेतला. आत कॉलरखाली दामासाचे टाके होते, बारीक, एकाला एक लागून. ते मी पुष्कळ वेळ बघितले.

"पाठ शिवून देऊ?" कास्तानं विचारलं. "असा पाठवायला कसंसंच वाटतं. अर्ध्या तासाचं काम आहे."

"नको. त्याला मागून वारा लागला होता. तेवढंच ओळखीचं आहे."

ती सुई शोधत होती ती थांबली. मग तिनं चार चिमटे गोळा करून कोटाच्या खिशात घातले.

उत्तर लिहायला बसलो. एवढे दिवस ज्याची सुरुवात सापडत नव्हती ते चार ओळींत झालं. चांगलं झालं नाही. त्यात एकही बरं वाक्य नाही.

"तेओदोसियाबाई, मी लेखात लिहिलेलं खरं नव्हतं. रेम्बेर्तोचा चेहरा मला आठवत नाही. त्याचा फोटो आणि काळी प्रत दोन्ही त्याच्याजवळ आहेत, त्याची सावली कोणा परक्याकडे राहिलेली नाही. जत्रेत त्यानं घातलेला कोट पाठवतो आहे. तो त्याला काढवत नव्हता असं एलियोदोरो सांगतो. कोट पाठीला उघडा आहे, तसाच ठेवा. हा इतरांनीही घातलेला आहे. कोणी आलं तर पाव जास्तीचे आहेत. सेरापिओ."

कास्तानं वाचलं. "पहिली ओळ हवीच का? इल्दाबाई मोठ्यानं वाचणार. शेजारचे ऐकणार."

"हवी."

"आणि उशिराबद्दल?"

"काय लिहू?"

तिनं विचार केला. "काही नका लिहू," ती म्हणाली.

सकाळी अड्ड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ऊस, कांद्याची फुलं, पावांची पोती, कोंबड्या. सगळे आपापल्या मेलेल्यांकडे निघाले होते. मेंढ्या खरंच टपावर होत्या. एलियोदोरोनं बाहुल्यांचं गाठोडं पायाशी ठेवून घेतलं, पण कोट त्यानं गाठोड्यात राहू दिला नाही. बाहेर काढून चालकाच्या मागच्या खिळ्याला टांगला. त्याच्या मागे बसलेल्या बाईला कोटाची उघडी पाठ दिसत होती. ती म्हणाली, "भाऊ, हा फाटलाय."

"फाटलेला नाही मावशी, तसाच असतो तो," एलियोदोरो म्हणाला.

त्यानं इंजिन चालू केलं. मी खिडकीतून पाकीट वर धरलं.

"इल्दाबाईंच्या हातात द्या. उद्या दुपारच्या आत."

"संध्याकाळपर्यंत पोचतो, मास्तर. वाटेत नदीला पाणी नाही."

"आणि त्यांना म्हणावं..." पण पुढे काय म्हणावं ते मला सुचलं नाही. तो येईल असं म्हणवत नव्हतं. येणार नाही असंही नाही. इंजिनाच्या थरथरीनं पाकीट हलत होतं.

एलियोदोरो वाकून माझ्याकडे बघत होता. पाकिटाचं एक टोक त्याच्या हातात होतं.

"सोडा आता, मास्तर," तो म्हणाला.

मी सोडलं.